मुलांच्या कर्जमाफीसाठी पैसे मोजावेत का?



गेली काही वर्षं मराठी शाळेच्या दारात, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, कुणाच्या घरच्या सत्यनारायणाला एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याचा आवाज थोडा खाली आलेला असतो. "मुलीच्या स्टुडंट लोनचं माफीचं काम करून देणारी एक कंपनी आहे. सातआठशे डॉलर घेतात, पण सगळं तेच बघतात म्हणे. देऊन टाकावेत का?"

मी इथे, अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते. मुलांच्या कर्जाचे कागद रोज माझ्या हाताखालून जातात. उत्तर आधी देते, कारणं मग सांगते. माफीचा अर्ज भरून देण्यासाठी कुणालाही एक डॉलरसुद्धा देऊ नका. आपल्या परिस्थितीत कोणता रस्ता धरावा याचा सल्ला मात्र काही वेळा विकत घ्यावा लागतो आणि तिथे पैसे दिलेले सार्थकी लागतात. अर्ज आणि सल्ला या दोन गोष्टींची गल्लत झाली की पैसे जातात, आणि कधीकधी पैशांपेक्षा मोठं काही जातं.

अमेरिकन सरकारच्या शिक्षण खात्याने दिलेल्या, म्हणजे फेडरल कर्जाच्या माफीसाठी जे जे अर्ज आहेत ते सगळे स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर आहेत आणि सगळे विनामूल्य आहेत. कर्जाचे हप्ते गोळा करणारी जी सर्व्हिसर कंपनी असते, तिचं काम फोनवर माहिती देणं हेच आहे आणि त्यासाठी ती वेगळे पैसे घेत नाही. पैसे घेणारी तिसरी कंपनी तुमच्या मुलीच्या नावाने तोच अर्ज, त्याच साइटवर भरते. तिच्यासाठी वेगळी खिडकी नाही, तिची फाइल पुढे सरकत नाही, आणि नियमात न बसणारं कर्ज तिच्यामुळे नियमात बसत नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत सर्वात जास्त कामाला येणारी योजना म्हणजे पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, सगळे तिला पीएसएलएफ म्हणतात. २००७ च्या कायद्याने ती आली. सरकारी नोकरीत किंवा ५०१(सी)(३) प्रकारच्या ना-नफा संस्थेत आठवड्याला सरासरी किमान ३० तास काम करायचं, कर्ज डायरेक्ट लोन प्रकारचं असायला हवं, आणि नियमात बसणाऱ्या योजनेखाली १२० मासिक हप्ते भरायचे. हप्ते सलग असायला हवेत असं नाही. १२० पूर्ण झाले की उरलेलं कर्ज माफ, आणि त्या माफीवर फेडरल आयकर नाही.

सरकारी नोकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मंत्रालय येतं. इथे त्यात पब्लिक शाळेतला शिक्षक येतो, काउंटीचा सोशल वर्कर येतो, स्टेट युनिव्हर्सिटीतला संशोधक, पब्लिक डिफेंडर, गावच्या लायब्ररीतली ग्रंथपाल हे सगळे येतात. आपल्यातल्या कितीतरी घरांत मुलं डॉक्टर होतायत. अमेरिकेतली बरीच मोठी हॉस्पिटलं ना-नफा आहेत, त्यामुळे रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची वर्षंसुद्धा या हिशेबात धरली जातात. त्या वर्षांत पगार कमी, म्हणून उत्पन्नावर आधारित हप्ताही कमी, तरी मोजणीत तो पूर्ण हप्ता म्हणूनच धरतात. तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी म्हणजे १२० पैकी केवढा मोठा भाग! तरीही दोन-अडीच लाख डॉलर कर्ज असलेल्या एखाद्या रेसिडेंट मुलाने हा अर्ज उघडूनही पाहिलेला नसतो.

हा अर्ज असतो तरी कसा, ते एकदा जवळून पाहा. मुलगी स्वतःच्या लॉगिनने साइटवर जाते, पीएसएलएफ हेल्प टूल उघडते आणि नोकरी देणाऱ्या संस्थेचा ईआयएन, म्हणजे टॅक्ससाठीचा ओळख क्रमांक घालते. तो तिच्या डब्ल्यू-२ वर, म्हणजे पगाराच्या वार्षिक टॅक्स फॉर्मवर, 'बी' अक्षराच्या चौकटीत छापलेला असतो. इथे एक मेख आहे. शिकायला एका युनिव्हर्सिटीत, ड्यूटी दुसऱ्याच हॉस्पिटलात आणि पगाराचा चेक तिसऱ्याच संस्थेचा, असं रेसिडेंट मुलांचं नेहमी होतं. कागदोपत्री नोकरी देणारी ती तिसरी संस्था, तिचाच क्रमांक घालायचा. क्रमांक घातला की संस्था पात्र आहे की नाही ते समोर दिसतं. मग नोकरीच्या तारखा, तास, आणि संस्थेत सही करण्याचा अधिकार असलेल्या माणसाचा ईमेल. मुलीने सही केली की त्या माणसाकडे सहीची विनंती जाते. झाला अर्ज. डब्ल्यू-२ हाताशी असेल तर चहा निवायच्या आत होतो.

अडतं ते यानंतर. सहीची विनंती एचआरच्या ईमेलच्या स्पॅममध्ये पडून राहते. सही करणारी बाई रजेवर असते. जुन्या नोकरीचं ऑफिसच बंद झालेलं असतं. तेव्हा फोन करावा लागतो, आठवण करून द्यावी लागते, दोनदा द्यावी लागते. हे काम तुमच्या मुलीलाच करावं लागतं, कारण एचआर तिला ओळखतं. परक्या कंपनीचा फोन आला तर एचआर उलट सावध होईल. अर्जातली खरी मेहनत म्हणजे ही सही मिळवणं आणि दहा वर्षं हप्ते चुकू न देणं. दोन्हीपैकी एकही गोष्ट बाजारात विकत मिळत नाही. दरवर्षी एकदा आणि नोकरी बदलताना प्रत्येक वेळी हा अर्ज भरून ठेवावा, डब्ल्यू-२ आणि हप्त्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. एवढी शिस्त पाळली तर दहा वर्षांनंतर कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत.

मग इतकी शिकलेली, हुशार माणसं पैसे द्यायला तयार का होतात? दोन कारणं मला दिसतात.

पहिलं कारण भीती, आणि ती भीती उगाच आलेली नाही. या योजनेतले पहिले लोक २०१७ च्या ऑक्टोबरात माफीला पात्र होऊ लागले, आणि सुरुवातीच्या काळात शंभरातले नव्व्याण्णव अर्ज नाकारले गेले. कुणाचं कर्ज चुकीच्या प्रकारचं होतं, कुणाचे १२० हप्ते पूर्ण झाले नव्हते, कुणाच्या अर्जात माहिती अपुरी होती. त्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. पुढे नियम सैल झाले, जुने हप्ते मोजणीत आले, आणि २०२५ च्या जानेवारीपर्यंत दहा लाखांहून जास्त लोकांचं कर्ज याच योजनेत माफ झालं. ही बातमी मात्र आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फारशी फिरली नाही. मधल्या काळात सरसकट दहा-वीस हजार डॉलर माफ करण्याची योजना सुप्रीम कोर्टाने ३० जून २०२३ रोजी रद्द केली. सेव्ह नावाची हप्त्याची योजना कोर्टात अडकली. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या नव्या कायद्याने हप्त्यांच्या जुन्या योजनांपैकी बहुतेक टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं आणि १ जुलै २०२६ पासून रॅप नावाची नवी योजना आणली. एवढ्या उलथापालथीत कुणीही गोंधळेल. आणि दर मोठ्या बातमीनंतर आठवड्याभरात फोन सुरू होतात, "नव्या कायद्यानुसार तुमचं कर्ज माफ होऊ शकतं, आजच शेवटची तारीख आहे." बातमीने उडालेल्या गोंधळावरच हा धंदा चालतो.

दुसरं कारण आपल्या घडणीतलं आहे, आणि ते मी मोकळेपणी बोलणार आहे. आपण ज्या गावांतून इथे आलो तिथे लायसन्स काढायचं तर आरटीओबाहेरच्या एजंटला गाठायचं, ही रीत होती. पैसे जातील पण चकरा वाचतील. इथे आल्यावर एच-१बी झाला, लेबर सर्टिफिकेशन झालं, आय-१४० झाला, ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं थांबलो. प्रत्येक पायरीवर वकील होता आणि तिथे तो हवाच होता. एका चुकीच्या तारखेने अख्ख्या घराचं भवितव्य टांगणीला लागताना आपण जवळून पाहिलंय. त्यातून सरकारी फॉर्म म्हणजे तज्ज्ञाचं काम हे आपल्या हाडीमाशी खिळलं. म्हणून मुलीच्या कर्जाचा फॉर्म दिसला की आपण आधी विचारतो, कुणाला द्यायचं? मुलीला तो इमिग्रेशनचा धाक नाही. तिचा फॉर्म तिने भरावा अशाच बेताने तो केलाय. आपली काळजी तिच्या अंगावर घालताना हा फरक लक्षात ठेवू या.

मध्यंतरी एक आई माझ्याकडे मुलाच्या नावाने आलेलं पत्र घेऊन आली. मुलगा ना-नफा क्लिनिकमध्ये नोकरीला, घरापासून लांब राहणारा, पत्ता अजून आईबाबांचाच. जाड कागद, डोक्यावर पंख पसरलेला गरुड, लाल अक्षरांत 'अंतिम सूचना', एक फाइल नंबर, आणि कर्जाची रक्कम जवळजवळ बरोबर छापलेली. त्या रकमेमुळेच आईची खात्री पटली होती. पत्र सरकारचं नसेल तर त्यांना आकडा कसा कळला? मी तिला पत्राच्या तळाशी बारीक टाइपात छापलेली ओळ दाखवली. आमचा सरकारशी संबंध नाही, असं तिथे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. माणसांची अशी माहिती बाजारात विकली जाते, हे कटू आहे पण खरं आहे. आकडा बरोबर आहे म्हणून पत्र खरं ठरत नाही.

असे लोक काय करतात ते नीट समजून घ्या. ते आधी पैसे मागतात, मग दरमहा काही रक्कम बँकेतून कापू लागतात. घरच्यांना वाटतं हा कर्जाचाच हप्ता चाललाय. प्रत्यक्षात त्यातला डॉलरही कर्जाला लागत नाही. खरं कर्ज ते फोर्बेअरन्समध्ये, म्हणजे हप्ते स्थगित करून ठेवतात, त्यामुळे सर्व्हिसरचा तगादा येत नाही आणि संशयही येत नाही. व्याज चढत राहतं, १२० ची मोजणी जागच्या जागी थांबते. दोन वर्षांनी उघड होतं तेव्हा दिलेले पैसे गेलेले असतातच, वर माफीच्या वाटेवरची दोन वर्षंही गेलेली असतात. मघाशी पैशांपेक्षा मोठं म्हणाले ते हे.

कर्ज कमी करून देतो असं फोनवर सांगून काम होण्याआधीच फी उकळणं फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने बेकायदा आहे. २०१७ मध्ये कमिशनने ११ राज्यांना आणि वॉशिंग्टन डी.सी.ला बरोबर घेऊन अशा टोळ्यांवर एकत्रित कारवाई केली होती. तरी नवी नावं घेऊन त्या उगवतात. त्यांना ओळखणं फार अवघड नाही. कोणी आगाऊ फी मागितली, आजच्या आज निर्णय घ्या म्हटलं, अर्ज बघण्याआधीच माफीची हमी दिली, सर्व्हिसरशी तुम्ही बोलू नका असं बजावलं, किंवा एफएसए आयडी, म्हणजे सरकारी साइटचं लॉगिन, आणि पासवर्ड मागितला, तर फोन ठेवा. एवढ्यातली एक गोष्ट घडली तरी पुरे.

त्यातही एफएसए आयडीबद्दल माझं कळकळीचं सांगणं आहे. त्या लॉगिनला कायद्याने सहीची किंमत आहे. तो दुसऱ्याला देणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून देणं. लॉगिन मिळालं की फसवणारे आधी ईमेल आणि फोन नंबर बदलतात, म्हणजे पुढची प्रत्येक सूचना त्यांच्याकडे जाते. आणि हे आपल्यालाही लागू आहे. मुलाचा एफएसए आयडी वापरून आईबाबांनी लॉगिन करणंही नियमाला धरून नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आपणच तो तयार करून दिला असेल आणि पासवर्ड अजून आपल्या वहीत लिहिलेला असेल, तर मुलाला सांगून तो बदलायला लावा.

आता सल्ल्याकडे वळू. पैसे द्यायचे झाले तर कुठे द्यावेत?

एक, टॅक्सच्या बाबतीत. मुलगी विवाहित असेल, नवऱ्याचा पगार मोठा असेल आणि तिचं कर्ज मोठं असेल, तर दोघांनी टॅक्स एकत्र भरायचा की वेगळा, यावर तिचा हप्ता बराच कमीजास्त होऊ शकतो. वेगळा भरला तर हप्ता कमी होतो पण टॅक्स वाढू शकतो. हे गणित राज्यानुसार बदलतं. दुसरं असं की पीएसएलएफवर फेडरल टॅक्स नसला, तरी उत्पन्नावर आधारित योजनेत वीस-पंचवीस वर्षांनी जी माफी मिळते तिला दिलेली करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्यानंतर माफ होणारी रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. अशा वेळी चांगल्या सीपीएला दिलेली फी रास्त आहे.

दोन, कर्ज लाखांच्या घरात असेल आणि समोर एकाहून जास्त रस्ते असतील तेव्हा. डॉक्टर, डेंटिस्ट, व्हेट झालेली मुलं बहुधा याच कोड्यात असतात. ना-नफा हॉस्पिटलात राहून पीएसएलएफ घ्यावं, की खासगी प्रॅक्टिसमध्ये जाऊन कमी व्याजाने रिफायनान्स करून लवकर फेडावं? इथे तासावर किंवा एकदाच ठरलेली फी घेणाऱ्या, विद्यार्थी कर्जाचा अभ्यास असलेल्या फायनान्शियल प्लॅनरशी एकदा बसणं चांगलं. त्याला सुरुवातीलाच विचारा, रिफायनान्स करून देणाऱ्या कंपन्यांकडून तुम्हाला कमिशन मिळतं का? उत्तर हो असेल तर दुसरा शोधा. फेडरल कर्ज एकदा रिफायनान्स केलं की ते खासगी होतं आणि माफीचे सगळे सरकारी दरवाजे कायमचे बंद होतात. व्याजाचा दर टक्काभर कमी होतोय म्हणून घाईने सही करून बसलेली मुलं माझ्यासमोर येतात, तेव्हा माझ्याकडे उपाय नसतो.

तीन, प्रकरण कायद्याच्या हद्दीत गेलं तर. कर्ज डिफॉल्टमध्ये गेलंय, पगारातून कापलं जातंय, खासगी बँकेने दावा लावलाय, किंवा दिवाळखोरीचा विचार करावा लागतोय, तर वकील हवा. उत्पन्न कमी असेल तर आधी आपल्या भागातल्या लीगल एडला विचारा. तिथे मदत मोफत मिळते.

पैसे देण्याआधी मोफतची मदत संपवा. सर्व्हिसरला फोन करा. शिक्षण खात्याच्या १-८००-४३३-३२४३ या नंबरवर विचारा. जिथून शिक्षण झालं त्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला विचारा, पदवी घेऊन दहा वर्षं झाली असली तरी. द इन्स्टिट्यूट ऑफ स्टुडंट लोन ॲडव्हायझर्स, म्हणजे टिस्ला, ही ना-नफा संस्था विनामूल्य सल्ला देते. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांसाठी एडकॅप आहे, तेही मोफत. बऱ्याच राज्यांनी विद्यार्थी कर्जाच्या तक्रारींसाठी लोकपाल नेमलेत. मुलगी शिक्षिका असेल तर युनियनकडे, हॉस्पिटलात असेल तर एचआरकडे अशी सोय आहे का ते विचारायला सांगा. दोन आठवडे उत्तर आलं नाही म्हणून सातशे डॉलरच्या कंपनीकडे धावू नका. उशिराचा त्रास खरा आहे, पण त्यांच्याकडूनही ते उत्तर लवकर येणार नाही.

भारतातून इथे शिकायला आलेल्या मुलांच्या आईबाबांशीही दोन शब्द बोलते, कारण पुण्या-नाशिकहूनही फोन येतात. मुलगा एफ-१ व्हिसावर आला असेल तर त्याला अमेरिकन सरकारचं फेडरल कर्ज मिळतच नाही. नंतर तो एच-१बी वर नोकरी करत असला तरी नाही. त्याचं कर्ज भारतातल्या बँकेचं किंवा खासगी कंपनीचं असणार. त्यामुळे "अमेरिकेत स्टुडंट लोन माफ होतंय" असा जो मेसेज फिरतो तो त्याच्यासाठी नाही, कुणी कितीही फी घेऊन काहीही सांगो. भारतातल्या कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळू शकते, कोणत्या करप्रणालीत ती चालते ते आपल्या सीएला विचारून घ्या. एच-४ वर इथे वाढलेल्या मुलांनाही फेडरल कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्ड आल्यावर मिळतं. त्याआधी घेतलेलं खासगी कर्ज मात्र खासगीच राहतं.

आणि एक कर्ज तुमचं स्वतःचं असतं. पॅरेंट प्लस. कॉलेज मुलाचं असलं तरी हे कर्ज आईच्या किंवा वडिलांच्या नावावर आहे आणि ते मुलाच्या नावावर वर्ग करता येत नाही. पीएसएलएफसाठी इथे आईची किंवा वडिलांची नोकरी बघतात, मुलाची नाही. तुमच्यापैकी कुणी काउंटीत, पब्लिक शाळेत, स्टेटच्या आयटी खात्यात, ना-नफा हॉस्पिटलात काम करत असेल आणि कर्ज त्याच व्यक्तीच्या नावावर असेल, तर वाट आहे. ज्यांच्या ही गोष्ट ध्यानात आलेली नाही अशा आया मला भेटतात. पण २०२५ च्या नव्या कायद्याने इथे बंधनं आणली आहेत. जुन्या पॅरेंट प्लस कर्जाला उत्पन्नावर आधारित हप्ता हवा असेल तर त्याचं डायरेक्ट कन्सॉलिडेशन, म्हणजे नव्या डायरेक्ट कर्जात एकत्रीकरण, १ जुलै २०२६ च्या आत झालेलं असावं लागतं, आणि त्या तारखेपासून घेतलेल्या नव्या पॅरेंट प्लसला ती सवलतच नाही. नव्या कर्जाला एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादाही आली आहे. धाकट्याच्या कॉलेजचा विचार करताना हे आकडे कागदावर मांडून मगच सही करा.

कुणाच्या घरी फसवणूक आधीच झाली असेल तर आधी एफएसए आयडीचा पासवर्ड बदला आणि खात्यावरचा ईमेल, फोन, पत्ता आपलाच आहे ना ते बघा. सर्व्हिसरला फोन करून त्या कंपनीला दिलेलं अधिकारपत्र रद्द करायला सांगा आणि कर्ज फोर्बेअरन्समध्ये आहे का ते विचारा. बँकेला किंवा कार्ड कंपनीला कळवून पुढची कपात थांबवा, गेलेल्या पैशांवर हरकत घ्या. सोशल सिक्युरिटी नंबर दिला असेल तर तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ करा, ते मोफत असतं. मग फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि आपल्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार नोंदवा. हे सगळं मुलाबरोबर बसून करा आणि करताना "एवढं शिकून तुला कळलं नाही?" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. त्या वाक्याने गेलेले पैसे परत येत नाहीत, आणि पुढच्या वेळी अडचण आली की मूल आपल्याकडे येत नाही.

माझ्या मनातली खरी चिंता हीच आहे. फसवणारे लोक अशा घरांत सहज शिरतात जिथे कर्जाचा विषय निघत नाही. आपल्या पिढीत कर्ज म्हणजे नामुष्की होती. घर सोडून कशासाठीही कर्ज काढलं तर ते चारचौघांत सांगायचं नाही. मुलांनी हे न शिकवता उचललंय. त्यात एखादीने कॉर्पोरेट नोकरी सोडून सोशल वर्क निवडलेलं असतं, आपणही कधीतरी म्हटलेलं असतं की एवढी फी भरून शेवटी हा पगार? मग महिन्याचा हप्ता जड जातोय हे ती आपल्याला कशाला सांगेल? ती रात्री एकटीच फोनवर शोधत बसते आणि सर्वात वर जाहिरात दिसते ती त्या कंपनीची. तिच्या कामाला आपण मान दिला, दहा वर्षं कमी पगारावर लोकांची सेवा करण्याच्या बदल्यात देशानेच तिला ही माफी देऊ केलीय हे आपण समजून घेतलं, तर ती मोकळेपणी बोलेल. बोलली की निम्मा धोका टळतो.

म्हणून या रविवारी मुलांना फोन कराल तेव्हा, जेवलीस का विचारून झाल्यावर, कर्जाबद्दलही विचारा. किती आहे हे नंतर. आधी विचारा, फेडरल आहे की खासगी, कोणत्या योजनेखाली हप्ता चाललाय, आणि तू नोकरी करतेस ती संस्था पीएसएलएफमध्ये बसते का ते पाहिलंस का. उत्तर "माहीत नाही" आलं तर रागावू नका, बहुतेकांचं तेच असतं. पुढच्या भेटीत तिच्या शेजारी बसा. लॉगिन तिने करावं, डब्ल्यू-२ तिने काढावा, अर्ज तिने भरावा. तुम्ही नुसतं सोबत बसायचं. आणि सातआठशे डॉलर द्यायची तुमची तयारी होतीच, तर ते तिच्या एखाद्या अडलेल्या हप्त्याला द्या. तो हप्ता वेळेवर गेला तर १२० मधला एक कमी होईल. त्या कंपनीला दिलेल्या पैशांतून एकही कमी झाला नसता.